डच आजोबांचं सुतक

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्या गृहस्थांच्या निधनाचा बोर्ड लागला, ते हॉलंडात वारले त्याला तीनशेहून अधिक वर्षं झाली. सुतक मात्र गेल्या नवरात्रात आमच्या घरी आलं, तंजावरला, आणि तेही पहिल्याच दिवशी सकाळी. गृहस्थांचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. मोठे चित्रकार होते, त्यांच्या नावावर जगाने आधीच पुष्कळ खपवलं आहे, त्यात माझी भर नको.

आणखी एक. हे मी देवनागरीत लिहितो आहे त्यामागे धोरण आहे. आम्हा तंजावरी मराठी लोकांत बोलणारे पुष्कळ, पण हे अक्षर वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. माझ्या बायकोला, राजलक्ष्मीला, मराठी बोलता येतं, भांडता तर फारच छान येतं, पण वाचता येत नाही. तेव्हा इथे खरं लिहायला हरकत नाही.

वीज मंडळातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाल्यावर माणूस दोनच गोष्टी करू शकतो. देवळाच्या कमिटीत शिरतो, नाहीतर शेजाऱ्यांच्या फ्यूजमध्ये बोट घालतो. मी तिसरी केली. मोबाइलवर 'पाश्चात्त्य चित्रकलेचा आस्वाद' हा अभ्यासक्रम पुरा केला. विषय किती, तऱ्हा किती! माणसांचे चेहरे, समुद्र, बाजार, लढाया, आणि नुसती टेबलावर ठेवलेली लिंबंसुद्धा. कोणी तेलरंगाचे थर चढवतो, कोणी पाण्यात रंग सोडून कागदावर धावतो, कोणी तांब्याच्या पत्र्यावर ओरखडून छापतो, कोणी ओल्या चुन्यावर काढतो. ही शेवटची तऱ्हा ऐकून मला विशेष अभिमान वाटला, कारण तशी जुनी भिंतचित्रं आमच्या मोठ्या देवळाच्या आतही आहेत. म्हणजे मी परका नव्हतोच, फक्त उशिरा आलो होतो. सर्टिफिकेट फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. राजलक्ष्मी म्हणाली, "हळदकुंकू लावूं काय त्यास?"

मग नवरात्राच्या तोंडावर न्हाणीघरात पाय घसरून तिचं मनगट मोडलं. उजवंच. प्लास्टर कोपरापर्यंत.

आता कोलू म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे नवरात्रात पायऱ्यांची मांडणी करून त्यावर बाहुल्या बसवतात. सगळ्यांत वर कळस आणि राजा-राणीची लाकडी जोडी, मग देव, खाली माणसं, आणि तळाला दुकान मांडून बसलेला ढेरपोट्या चेट्टियार वाणी आणि त्याची बायको. संध्याकाळी गल्लीतल्या बायका येतात, गाणं म्हणतात, कुंकू, विडा आणि सुंडल घेऊन जातात. सुंडल म्हणजे ओलं खोबरं घातलेली हरभऱ्याची कोरडी उसळ. एकदा घरात कोलू सुरू झाला की खंड पाडायचा नाही, आणि दरवर्षी एक तरी नवी बाहुली आली पाहिजे. आमचा कोलू माझ्या आईच्या हातचा. आईनंतर राजलक्ष्मीने तो असा सांभाळला की गल्लीत आमच्या कोलूला पहिला मान.

त्या कोलूत मी आणलेली एकही बाहुली आजवर बसलेली नाही, हे माझं जुनं दुखणं. एकदा प्लास्टिकची क्रिकेट टीम आणली. ती तिने पंचासकट शेजारच्या मुलांना दिली. एकदा मान हलवणारा पोलीस आणला. तो वॉशिंग मशीनवर उभा असतो, मशीन फिरलं की मान हलवतो. तिच्या मते माझ्या बाहुल्या 'बाजाराच्या', घराच्या नव्हेत.

"ह्या वर्षी कळस आणि लाकडी जोडी तेवढी ठेवूं," प्लास्टरकडे बघत ती म्हणाली. "खंड पडला नाही म्हणायला पुरे."

तिचा आवाज ऐकून मला राहवलं नाही. "मी मांडतो कोलू," मी म्हणालो. "असकी, सगळ्या पायऱ्या मांडतो. विषय घेऊन मांडतो. पाश्चात्त्य चित्रकला!"

तिने प्लास्टर मांडीवर नीट ठेवलं. मग म्हणाली, "वरची पडी माझी. त्या पायरीस हात लावायचा नाही. आणि उघडीनागडी बाई एकही नको."

दुसऱ्या अटीमुळे पाश्चात्त्य चित्रकला बरीच आटोपशीर झाली.

शेजारचे सांबशिव सर, निवृत्त हेडमास्तर, यांना कळायला वेळ लागत नाही, कारण आमची भिंत एकच आहे. ते सल्ला द्यायला आले. ते बोलतात तमिळमध्ये, मी इथे मराठीत सांगतो; फक्त 'राव'ला ते 'रायर' म्हणतात, तेवढं तसंच ठेवतो. "रायर, कोलूत विलायती चित्रं? धर्माला चालतं का?" मी म्हणालो, "आमच्या मराठा राजांनीही विलायतेहून चित्रं मागवली होती. राजवाड्यात चालली, मग माझ्या घरात का नाही?" राजांचं नाव काढलं की सर गप्प होतात. मग जाता जाता म्हणाले, "छापायला इळंगोकडे द्या. निवडणुकीत सगळे पक्ष त्याच्याकडेच येतात."

इळंगोचं फ्लेक्सचं दुकान बसस्टँडच्या मागे. वाढदिवस, लग्न, पक्षाचे मेळावे, मुलीचं वयात येणं आणि माणसाचं जाणं, तंजावरच्या आयुष्यातलं काहीही त्याच्या मशीनमधून निघाल्याशिवाय पुरं होत नाही. मी सगळी चित्रं फोनवर पाठवली. लहान चित्रं जाड कागदावर, आणि मधोमध ठेवायला एकच मोठं, फ्लेक्सवर: त्या डच चित्रकाराने म्हातारपणी काढलेलं स्वतःचं चित्र. तपकिरी अंधारातून पुढे आलेला थकलेला चेहरा, कपाळावर उजेड, डोळ्यांखाली पिशव्या. अभ्यासक्रमात ते पाहून पुढचा धडा मी दुसऱ्या दिवसावर ढकलला होता.

इळंगोचा फोन आला. "सार, मोठ्या फोटोवर नाव काय घालू?"

इथे माझ्यातला रसिक जागा झाला. "नाव नको. चेहराच बोलला पाहिजे. बघणाऱ्याला आतून कळलं पाहिजे."

"समजलं, सार," तो एकदम हळू आवाजात म्हणाला. "जन्म-मरणाची सालं?"

ती मी सांगितली, सोळाशे अमुक ते सोळाशे तमुक.

"कोणाकडून घालू?"

"माझ्याकडूनच. वेंकटरमण राव आणि कुटुंब."

"तुम्ही काळजी करू नका, सार. हे काम आम्ही कधी थांबवत नाही. पोरं लावूनसुद्धा जातील." ही आस्था बघून मला भरून आलं. पाश्चात्त्य कलेविषयी बसस्टँडच्या मागे इतका आदर असेल अशी मला कल्पना नव्हती.

पहिल्या दिवशी सकाळी लहान चित्रं आली, मोठं आलं नाही. मी पायऱ्यांवर पांढरं धोतर अंथरून मांडायला लागलो. राजलक्ष्मी खुर्चीवरून देखरेख करत होती. वरच्या पायरीवर कळस आणि तिची लाकडी जोडी. त्याखाली आई आणि बाळाचं एक जुनं सोनेरी चित्र. "हे अंड्याच्या बलकात रंग कालवून काढतात," मी माहिती दिली.

"अंडें? कळसाखालीं?"

"अगं, हा कागद आहे. छापलेला."

"मग सांगितलांत कशास?" तिने ते चित्र दोन पायऱ्या खाली उतरवायला लावलं. शिक्षणाचे तोटे असतात ते असे. मग समुद्र आणि शेतं बसली. तळाला चेट्टियाराच्या दुकानाशेजारी मी टेबलावरच्या वस्तूंचं चित्र ठेवलं: सोललेलं लिंबू, काचेचा पेला आणि चांदीच्या ताटात चकाकणारा मासा.

"चेट्टियाराच्या दुकानात मासळी कधीपासून आली?" राजलक्ष्मीने विचारलं. मी मासा पुढच्या तांदळाच्या पोत्याने झाकला. लिंबू दिसत होतं, ते तिला आवडलं. "साल लोंबतेय ती बरी काढलीय," असं चक्क म्हणाली. मी ते मनात जपून ठेवलं.

इतक्यात दारात रघोजी उभा. रघोजी माझा चुलत भाऊ, तिरुवैयारुला असतो. डोकं ओलं, डोळे लाल. आत न येता उंबऱ्याबाहेरूनच हुंदका देऊन म्हणाला, "अण्णा, फोनवर फोटो आला तसा कावेरीत बुडी मारूनच बस धरलों. एक शब्द कळवला नाहींत? आपल्या ओरत्तनाडूच्या काकांना मी शेवटचें पाहिलोंही नाही!"

ओरत्तनाडूचे काका त्याच सकाळी माझ्याशी फोनवर बद्धकोष्ठाविषयी बोलले होते. मी तसं सांगितलं. रघोजीने मला हाताला धरून गल्लीच्या तोंडाशी नेलं.

तिथे विजेच्या खांबाला बांधलेले माझे डच चित्रकार होते. दोन्ही बाजूंना तेवणाऱ्या समया, वर गुलाबांची कमान, आणि ठळक तमिळ अक्षरांत 'अश्रूंची श्रद्धांजली'. खाली लिहिलं होतं, 'आम्हांस दुःखसागरात लोटून गेलेले आमचे थोर आधारवड. शोकाकुल: वेंकटरमण राव आणि कुटुंब.' सालांचीही इळंगोने दुरुस्ती केली होती. सोळाशेचं एकोणीसशे केलं होतं आणि मरणाचं साल चालू वर्षाचं. सारने दुःखाच्या भरात चूक केली असं त्याला वाटलं असणार.

"हे डच आहेत," मी म्हणालो.

"पण नाक?" रघोजी म्हणाला. "नाक आपल्या घराण्याचेंच आहे की."

खरं सांगतो, मी नीट पाहिलं. नाक होतं आमच्याच घराण्याचं.

पण नाकापेक्षा मोठा घोटाळा घरात झाला होता. सुतकाच्या घरचं कुंकू कोणी घेत नाही, विडा घेत नाही. त्या संध्याकाळी राजलक्ष्मी मोरपंखी रेशमी पट्टुसाडी नेसून, प्लास्टरलाही जरीची किनार गुंडाळून, दाराकडे तोंड करून बसली. समोर चांदीचं कुंकवाचं भांडं. स्वयंपाकाच्या बाईने केलेलं सुंडल गरम होतं, मग कोमट झालं, मग गार. रस्त्यावरून पैंजण वाजायचे आणि आमच्या दाराशी आले की पलीकडच्या कडेने जायचे. कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बोर्ड काढायला निघालो, तर खांबापाशी पालिकेचा एक साहेब डायरी घेऊन उभा. "तुम्हीच शोकाकुल का?" त्याने अदबीने विचारलं. "दुःखाचा प्रसंग आहे, चार दिवस राहू द्या."

"अहो, कोणी गेलेलं नाही."

त्याचा चेहरा बदलला. "मग ही जाहिरात झाली. परवानगी कुठे आहे?"

"म्हणजे, गेलेत," मी घाईने म्हणालो. "पण फार पूर्वी."

"मग मृत्यूची नोंद केली का? उशिराच्या नोंदीला वेगळी पद्धत आहे. किती उशीर झालाय?"

मी सांगितलं. त्याने पेन खिशात ठेवलं. नियमांत इतक्या उशिराची सोय नव्हती, असं त्याच्या तोंडावरून दिसत होतं. "बोर्ड काढून घरी न्या," तो म्हणाला, "आणि ते कोण आहेत ते मला सांगू नका." सरकारी माणसाने इतक्या लवकर निकाल दिल्याचं माझ्या साऱ्या नोकरीत मी पाहिलं नव्हतं.

बोर्ड उतरला, पण सुतक काही उतरलं नाही. तेव्हा सांबशिव सरांनी पुन्हा सल्ला दिला. "रायर, फ्लेक्सने बिघडलं ते फ्लेक्सनेच सुधारा. आमच्या घरी सर्व कुशल आहे, असा बोर्ड लावा. तुमचा हसरा फोटो घाला." मी परवानगीचा कागद करून, इळंगोला मजकूर शब्दन् शब्द सांगून, माझा हसरा फोटो दिला. मजकूर त्याने शब्दन् शब्द घातला. फक्त समया आणि गुलाबांची कमान मशीनमध्ये तयार होती, ती तशीच राहिली. आणि आमच्या गल्लीत बोर्डावरचा मजकूर वाचायची पद्धत नाही. समया दिसल्या की कोण गेलं ते फोटोवरून बघतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी निवृत्त वीज कर्मचारी संघटनेचे चौघे आले. दार मी उघडलं. पुढच्याच्या हातात झेंडूचा भला मोठा हार होता. तो मागे सरला आणि हार घेऊन पायरीवर बसला. सगळ्यांना पाणी द्यावं लागलं. मग उलगडा झाला, हसून झालं, आणि मी सहज म्हणालो, "श्रद्धांजली लिहून आणली असेल ना? बघू." त्यांनी संकोचत कागद दिला. त्यात लिहिलं होतं, 'वेंकटरमण राव वेळेवर येत आणि वेळेवर जात.' बस्स. वादळात तारा पडल्या तेव्हा मी ओल्या शेतात उभा राहून गावोगावचे दिवे लावले, त्याचं काही नाही. माणसाने मरायचं तरी कशाच्या भरवशावर?

"हार आणलाय तर घाला आता," मी रागाने म्हणालो. त्यांनी घातला.

हार घालून आत आलो तर राजलक्ष्मी कोलूसमोर पाठमोरी बसली होती. दिवा लावलेला होता, साडी पहिल्या दिवसाचीच, घडी मोडलेली. मी काही विनोद करणार होतो, पण तिचे खांदे हलताना दिसले. माझ्याकडे न वळता ती म्हणाली, "सासूबाई मला कोलू सोपवून गेल्या. हात मोडला तें सोसलें. पण दार उघडें आणि कोण्ही आंत येईना, हें माझ्यानें पाहवत नाही."

माझं सर्टिफिकेट समोरच्या भिंतीवर होतं. ते काढून माळ्यावर टाकावं असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

बोलावणं करायचं ते बायकांनी, नाहीतर परकर-पोलक्यातल्या मुलींनी. पुरुषाने कुंकवाचं भांडं घेऊन दारोदार जायचं, हे आमच्या गल्लीत कोणी पाहिलेलं नाही. मी भांडं उचललं. "हार तरी काढा!" राजलक्ष्मी ओरडली. मी काढला नाही. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या मते मी मेलो होतो. जिवंत आहे हे दाखवायचं तर हारासकटच दाखवणं बरं.

पहिलं दार कमलाक्षी मामींचं. गल्लीतल्या बायका कुठे जायच्या आणि कुठे नाही, ते त्या ठरवतात. दार उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं. मी पाठ केल्यासारखं म्हणालो, "मामी, आमच्याकडे कोणी गेलेलं नाही. बोर्डावरचे आजोबा हॉलंडचे चित्रकार. आमचं सोयर नाही, सुतक नाही. मी हा असा आहे. कोलू मांडलाय. यायचं."

मामींच्या मागून सुना डोकावल्या. कोणीतरी फस्सकन हसलं. मग मामीच हसायला लागल्या, दाराची चौकट धरून. त्यांनी बोटाने कुंकू लावून घेतलं. त्यानंतर मला प्रत्येक दारात सगळं सांगावं लागलं, आणि शेवटच्या दारापर्यंत माझ्यामागे मुलांची वरातच झाली होती. इंजिनियरसाहेबांची अब्रू म्हणाल तर त्या संध्याकाळी ती गल्लीभर वाटून संपली. पण पावलं मात्र जोरात पडत होती.

घरी आलो तर राजलक्ष्मीने कामाला सुरुवात केली होती. खांबावरून काढून आणलेला बोर्ड जमिनीवर पसरला होता. "कात्री घ्या," ती म्हणाली. "मी सांगत्यें तेथून कापा." समया गेल्या, गुलाब गेले, अश्रूंची श्रद्धांजली गेली. उरला तो तपकिरी अंधार आणि त्यातला चेहरा. तिने पेटीतून माझ्या आईच्या जुन्या साडीचा जरीकाठ काढून दिला, तो मी चौकटीसारखा डकवला. मग आजोबांना कोलूच्या मधोमध उभं केलं.

आणि बायका आल्या. इतक्या आल्या की चपला सांबशिव सरांच्या दारापर्यंत गेल्या. आई-बाळाच्या चित्रासमोर "यशोदा!" म्हणून एकीने गाणंही म्हटलं, आणि ते चित्राला शोभलं. समुद्र बघून एक सून म्हणाली, "जवळून नुसते फराटे, लांबून पाणी." तेलरंगाच्या तऱ्हेवर मी अख्खा धडा ऐकला होता, त्याचं सार हेच. माझी मान ताठ झाली. मी गल्लीला युरोप दाखवत होतो आणि गल्लीला तो दिसत होता. पोत्याआडचा मासाही मुलांनी शोधून काढला.

कमलाक्षी मामी आजोबांसमोर थांबल्या. मी पुढे होऊन उजेड-सावलीची पद्धत सांगणार होतो, तोच त्या म्हणाल्या, "ह्यांना किती दिवसांत कोणी जेवायला बस म्हटलेलं दिसत नाही." आणि स्वतःच्या हातातली सुंडलची पानाची वाटी त्यांनी आजोबांपुढे ठेवली. मग कुंकवाचं बोट लावलं, चौकटीच्या काठाला. माझ्या साऱ्या अभ्यासक्रमात त्या चेहऱ्याविषयी इतकं खरं कोणी बोललं नव्हतं, आणि ते माझ्या घरात बोललं गेलं.

विजयादशमीला कोलूतली एक बाहुली आडवी करून निजवायची, म्हणजे उत्सव पुरा होतो. दरवर्षी राजलक्ष्मी लाकडी जोडीला निजवते. या वर्षी तिने डाव्या हाताने आजोबांना आडवं केलं. "दमले असतील. कोण कोण येऊन रडून गेलें ह्यांच्यापुढें."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहुल्या मऊ धोतरात गुंडाळून पेटीत जातात. मी बाजूला उभा होतो. क्रिकेट टीम आणि पोलीस माझ्या डोळ्यांसमोर होते. तिने आजोबांची हलक्या हाताने गुंडाळी केली, आईच्या वेळच्या धोतराच्या तुकड्यात बांधली आणि पेटीत लाकडी जोडीशेजारी ठेवली. "ह्या वर्षीची नवी बाहुली," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "तुम्ही आणलेली." मला आयुष्यात प्रमोशनं मिळाली आहेत, पण अशी छाती कधी फुगली नाही.

परवा, नवरात्राच्या आधी, आम्ही पेटी उघडत होतो आणि फोन वाजला. इळंगो होता. आवाज तसाच हळू. "सार, वर्ष होत आलं. आजोबांच्या पहिल्या स्मरणदिनाचा बोर्ड लावायचा ना?"

फोन स्पीकरवर होता, तिनेही ऐकलं. राजलक्ष्मीने फोन माझ्या हातातून घेतला. हात आता बरा आहे.

"नको, तंबी," धाकट्या भावाला सांगावं तसं ती म्हणाली. "ते आमच्याकडेच आहेत. आत्ताच उठवतोंय. तूंच ये नवरात्रांत संध्याकाळीं, सुंडल खाऊन जा आणि त्यांना भेटून जा."

तिने फोन ठेवला, धोतराची गाठ सोडली आणि आजोबांना मधोमध बसवलं.